जास्तीची हजेरी

ही गोष्ट खरी आहे.

मी ती रंगवून सांगणार नाही. रंगवायला लागावं असं तिच्यात काही नाही.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. भर दुपार होती, खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं. जागा म्हणाल तर माझ्या धाकट्या बहिणीची झोपायची खोली.

मला हे माझ्या भाचीने सांगितलं. घरात तिला सगळे ठकू म्हणतात. लहानपणी खोटं बोलायची वेळ आली की ठकू कानाची पाळी चोळायची. आता मोठी इंजिनियर झाली, तरी ती सवय गेलेली नाही.

हे सगळं सांगताना तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

बहिणीला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. डावा हात तेवढा चालत होता, आणि डोळे. हो म्हणायचं असेल तर ती डोळे मिटायची. नाही म्हणायचं असेल तर भिंतीकडे बघायची. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर तिच्याजवळ दिवसभर बसायला एक बाई ठेवली. वयाने मोठी, जाडजूड, बोलायला फटकळ. तिला सगळे आक्का म्हणायचे.

ठकू घरूनच काम करायची, पण वरच्या मजल्यावर. म्हणून तिने आईसाठी एक घंटा बनवली.

आईच्या डाव्या हाताखाली एक बटण. बटणाची तार खिडकीतल्या एका छोट्या डब्यात. डब्यात एक जुना संगणकाचा बोर्ड. बोर्डाला कुठलंही बटण दाबल्याची खबर लागली की ठकूचा फोन वाजणार. एवढंच.

बोर्ड ऑफिसातल्या मित्राने दिला होता. त्याला टाकाऊ यंत्रं जमवायचा नाद, म्हणून त्याचं नाव भंगारशेठ.

घंटा चांगली चालायची. पण दोन गोष्टी खटकत होत्या.

पहिली म्हणजे लाइट जाऊन आली की तो बोर्ड जागा व्हायला फार वेळ घ्यायचा. एकदा नेमक्या त्याच वेळात आईने बटण दाबलं. कुणाला कळलंच नाही. ठकू खाली आली तेव्हा आई ओल्या चादरीत पडून होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ठकू म्हणते, "मामा, ती रडत होती त्याचं दुःख नव्हतं. ती माझी वाट बघून दमली होती, ते बघवलं नाही."

दुसरी गोष्ट... घंटा कधीकधी उगाच वाजायची.

ठकू धावत खाली यायची. आई शांत.

"आई, दाबलंस?"

आई भिंतीकडे बघायची. नाही.

खोलीत दुसरं कोण? आक्का.

"आक्का, तुम्ही दाबलं का हो?"

"मला काय हौस आहे? तुझं तोंड बघायला बोलवीन होय मी?"

ठकूला ते पटलं नाही. तिला वाटलं, आक्काला फोनवर गप्पा मारायच्या असतात, म्हणून आपल्याला आईजवळ बोलावते. आणखी एक होतं. खाटेच्या उजव्या बाजूला एक लाकडी खुर्ची होती. आक्का तिच्यावर घडी केलेल्या चादरी ठेवायची. ठकू खाली आली की त्या चादरी खिडकीच्या कट्ट्यावर असायच्या.

"बसायला खुर्ची मोकळी केलीत वाटतं?"

"मी तर समजले तूच उचलल्यास," आक्का म्हणाली. "मी कशाला तिथे बसू? ती खुर्ची करकरते."

 ठकूच्या मनात किडा वळवळायला लागला.

आता ठकूने पुढे काय केलं ते समजायला थोडं थांबावं लागेल. अवघड नाही.

प्रत्येक संगणकाच्या पोटात एक मुख्य प्रोग्रॅम असतो. त्याला कर्नल म्हणतात. लष्करातला नव्हे, पण हुकूम याचाही चालतो. संगणकाला काय काय जोडलंय ते हा ओळखतो. हा पडदा, हे बटण, हा कर्णा. तयार मिळणारा कर्नल जगातल्या हजारो वस्तू ओळखतो, कारण तो कुणाच्या घरी जाणार हे बनवणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून तो जड असतो आणि सावकाश उठतो.

ज्याला आपलं यंत्र चपळ हवं असतं, तो स्वतःचा कर्नल बांधतो. आपल्याकडे जे आहे त्याचीच ओळख ठेवायची, बाकी काढून टाकायची.

आपल्याकडे काय आहे हे कसं कळणार? वर्गात कळतं तसंच. हजेरी घ्यायची. जे लागणार ते सगळं यंत्राला जोडून ठेवायचं आणि विचारायचं, कोण कोण हजर आहे? जो हजर त्याची ओळख राहते. गैरहजर त्याचं नाव कापलं जातं.

एका सुट्टीच्या दुपारी ठकू आईच्या खोलीतच लॅपटॉप घेऊन बसली. आई झोपली होती. आक्का दारात बसून नखं कापत होती.

ठकूने हजेरी घेतली.

बटण... हजर.

वायफाय... हजर.

घड्याळ... हजर.

आणि...

आणखी एक.

जुन्या पद्धतीच्या तारेच्या घंटेची ओळख. आता अशा घंटा कुणी वापरत नाही. तिला जोडायला जाड, गोल खाच लागते. ठकूने डबा उघडला. बोर्ड उलटा करून बघितला, उन्हात धरून बघितला.

तशी खाच बोर्डावर नव्हतीच.

जी वस्तू जोडायला जागाच नाही, ती हजर होती.

तिने भंगारशेठला फोन लावला.

"अरे, तू दिलेल्या बोर्डाला तारेची घंटा कधी जोडलेली होती का?"

"फुकट दिलेल्या गाईचे दात मोजतेस होय?"

"थट्टा नको. आला कुठून हा?"

"एका जुन्या हॉस्पिटलचं सामान निघालं होतं, त्यातला. वॉर्डातल्या बेलचा असेल. खाटेशेजारी असते ना, पेशंटने दाबायची."

"मग खाच कुठे गेली?"

"ती वेगळ्या पट्टीवर असते. ती पट्टी तुटलेली होती, मी फेकून दिली. तुझ्याकडे नुसता बोर्ड आलाय. आणि त्याच्यावरचं सगळं मी पुसलं होतं, हे आधीच सांगतो. एक अक्षर ठेवलं नव्हतं."

"तू माझ्या डब्यात बाहेरून घुसत नाहीस ना?"

 तो म्हणाला, "ठके, तू नीट झोपत नाहीयेस."

ठकूला त्याचाही संशय आला. तिने डबा घरच्या नेटवरून तोडला, फोन बंद केला, पुन्हा हजेरी घेतली.

ती घंटा पुन्हा हजर.

ठकूने मनाची समजूत घातली. जुन्या बोर्डात काहीतरी बिघाड असेल. उगाच वाजायचं कारण हेच. तिला बरंच वाटलं. आक्काकडे बघून ती थोडी ओशाळलीसुद्धा.

कर्नल बांधताना तो एकेका वस्तूबद्दल विचारतो, ठेवू की काढू?

त्या घंटेपाशी येऊन ठकूने उत्तर दिलं... काढ.

तेवढ्यात करकर असा आवाज झाला.

तिने मान वर केली. आक्का दारातच होती. आई झोपलेली होती.

खुर्ची रिकामी होती.

नवा कर्नल झकास चालला. वीज आल्याबरोबर डबा जागा व्हायचा. उगाच वाजणं थांबलं. ठकूने आणखी एक सोय केली. कामात असताना फोन वाजला, तर पडद्यावर बोट फिरवून घंटा तिथल्या तिथे बंद करता येईल अशी.

ही सोय लक्षात ठेवा.

काही दिवस छान गेले.

मग घंटा पुन्हा वाजायला लागली.

आता मात्र ते आईचंच बटण होतं. दुसरं काही वाजणं शक्यच नव्हतं.

ठकू खाली आली. आईचा डावा हात चादरीवर चाचपडत होता. हाताखाली बटण नव्हतं. ते खाटेच्या उजव्या कडेला होतं, खुर्चीच्या बाजूला. आईच्या गेलेल्या हाताच्याही पलीकडे.

"आक्का! बटण तिकडे कुणी ठेवलं?"

"मी नाही."

"मग काय चालत गेलं?"

"मला काय विचारतेस? मी अंघोळीचं पाणी काढत होते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ठकूने बटणाची तार बँडेजच्या पट्टीने आईच्या डाव्या बाजूच्या दांडीला बांधली. चांगली गाठ मारली. दुपारी गाठ सुटलेली होती. पट्टीची नीट घडी करून उशीजवळ ठेवली होती.

अशी नेटकी घडी घालणारं घरात एकच माणूस होतं.

ठकूचा ताबा सुटला. "उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली. "आईचा जीव त्या बटणावर आहे. तिची तरी चेष्टा करू नका."

आक्का भांडली नाही. पदर खोचला, पिशवी उचलली. दारात वळून म्हणाली, "मी बरीच वर्षं वॉर्डात काढलीत, पोरी. पेशंटची बेल त्याच्या हातातून काढणारी बाई मी नव्हे. आईला विचार. तिला दिसतंय."

ठकूने विचारलं नाही. रागात होती.

दुसऱ्या दिवशी ती घरात एकटीच. तीच दुपारची वेळ. वर मीटिंग चालू होती. साहेब बोलत होते.

फोन वाजला. आईची घंटा.

ठकू तासाभरापूर्वीच खाली जाऊन आली होती. बटण आईच्या हातात देऊन आली होती. तिने बोट फिरवलं. बंद.

पुन्हा वाजला.

परत कुठेतरी घसरलं असेल, तिला वाटलं. बंद.

पुन्हा वाजला. या वेळी थांबेना. तिने बोट फिरवलं... चालूच. परत फिरवलं... चालूच. जोरजोरात दाबलं तर पडदाच हलेना. घंटा नुसती वाजत राहिली, जणू कुणी बटणावर अंगठा रोवून ठेवलाय.

"कुणाचं काय वाजतंय?" साहेब म्हणाले.

ठकू चिडून उठली. जिना उतरली. खोलीत शिरली.

आई एका कुशीवरून जवळजवळ पालथी झाली होती. जाड उशी तिच्या तोंडावर आली होती आणि तिचं नाक त्यात रुतलं होतं. डावा हात अंगाखाली अडकलेला. ओठ काळेनिळे पडले होते.

ठकूने उशी फेकली. आईला उचलून बसवलं, पाठ चोळली, हाका मारल्या. खूप वेळाने, म्हणजे तिला तरी तसं वाटलं, आईने घरघरत श्वास घेतला. मग आणखी एक.

ठकू तिला छातीशी धरून रडत होती. फोन अजून वाजतच होता.

मग तिच्या लक्षात आलं...

आईचा हात अंगाखाली होता. मग बटण कोण दाबतंय?

तिने बघितलं.

बटणाची तार खिडकीतून निघून, आईच्या अंगावरून, पलीकडे खुर्चीपर्यंत गेली होती. ती लोंबत नव्हती. सरळ ताणलेली होती, पलीकडच्या बाजूने कुणी धरून ठेवावी तशी.

ठकूने आईला आणखी घट्ट धरलं.

तार हळूच... सैल झाली.

बटण खुर्चीच्या काठावरून खाली पडलं. घंटा थांबली.

"आई," ठकू म्हणाली, "तू दाबलं होतंस?"

आईने भिंतीकडे बघितलं. नाही.

"मग कुणी?"

आईची नजर सावकाश वळली. ठकूवरून, खाटेवरून, पलीकडे. खुर्चीवर येऊन थांबली. खुर्चीच्या बैठकीवर नाही. जरा वर. बसलेल्या माणसाचं तोंड असतं तिथे.

ठकूने संध्याकाळ व्हायची वाट बघितली नाही. आक्काला फोन केला, माफी मागितली, या म्हणाली. आक्का आली. तिला सगळं सांगितलं, हजेरीसकट. आक्काला कर्नल काय ते कळलं नसेल, पण एक गोष्ट तिने बरोबर पकडली.

"म्हणजे कुणाची तरी बेल तू कापलीस."

"रिकामी बेल होती हो ती. उगाच वाजायची."

"रिकामी असं टेबलापाशी बसून वाटतं," आक्का म्हणाली. "वॉर्डात बेल बंद करायची तर खाटेपाशी जावं लागतं. बटण तिथेच असतं, मुद्दाम. म्हणजे माणूस उठून जातोच. पण सारखी वाजणारी एखादी असते. मग कंटाळलेलं कुणीतरी तिची तारच काढून ठेवतं. मी पाहिलंय."

"मग?"

"मग काय? ती वाजायची थांबते. खाटेवरची बाई थांबत नाही."

ठकूने लॅपटॉप उघडला. कर्नल पुन्हा बांधायला घेतला. प्रश्न आला, ठेवू की काढू?

ठेव.

डबा बंद करून चालू केला. आईच्या हातात बटण दिलं. तिघीजणी फोनकडे बघत बसल्या. बाहेर सायकलवाल्याची चेन बसली असावी. एकदा घंटी वाजली आणि तो निघून गेला.

आणि फोन वाजला.

आईने हात वर करून दाखवला. मी नाही.

फोनवर बंद करायची सोय ठकूने आता काढून टाकली होती. ती उठली. खाटेला वळसा घालून ती खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.  मागून आक्का हळूच म्हणाली, "वॉर्डात आम्ही म्हणायचो तसं म्हण, आले हं."

"आले हं," ठकू म्हणाली. "काय हवंय?"

फोन थांबला.

त्यानंतर आईचं बटण कधी हललं नाही. गाठ सुटली नाही. दुसरी घंटा वाजायची अधूनमधून, दुपारीच. ज्याला ऐकू येईल तो जायचा, खुर्चीपाशी उभा राहायचा, आले हं म्हणायचा. चादरी ठेवायला आक्काने दुसरी जागा शोधली.

बहीण हळूहळू सुधारली. बोलायला लागली तेव्हा पहिले शब्द काय असतील असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. ठकू तिला पाणी पाजत होती. बहिणीने पेला ढकलला आणि मोठ्या कष्टाने म्हणाली,

"आधी... त्यांना."

आता ती काठी घेऊन चालते, माझ्याशी वादही घालते. त्या बाईंबद्दल विचारलं तर एवढंच म्हणते, "शेजारी होत्या." दिसायला कशा होत्या? "दमलेल्या." चांगल्या होत्या का गं? यावर मात्र ती भिंतीकडे बघते. ते नाही असतं, की नुसतं बघणं असतं, मला अजून कळलेलं नाही.

ठकूलाही एक गोष्ट उलगडलेली नाही. त्या दुपारी त्या बाईने आईसाठी घंटा वाजवली, हे खरं. पण आईच्या हातातलं बटण काढून कुणी घेतलं होतं? आणि ती उशी... आई उजव्या कुशीवरून पालथी झाली होती. खुर्चीकडे. तिला स्वतःहून कूस बदलताच येत नव्हती.

इथे मी थांबलो असतो. पण मागच्या महिन्यात ठकू माझ्याकडे आली.

तिच्या घरच्या घंटेची गोष्ट ऑफिसात सगळ्यांना आवडली होती. कंपनीने तसाच डबा विकायला काढायचं ठरवलं. वॉर्डांसाठी, वृद्धाश्रमांसाठी, घरी पडून असलेल्या माणसांसाठी. कर्नल बांधायचं काम अर्थात ठकूकडे. जुन्या बोर्डाला हातही लावला नाही. नवा कोरा बोर्ड, खोक्यातून काढलेला. घरापासून लांब, ऑफिसच्या टेबलावर. नवं लिखाण, पहिल्या ओळीपासून.

तिने हजेरी घेतली.

बटण... हजर.

वायफाय... हजर.

घड्याळ... हजर.

आणि... आणखी एक. कोणती, ते मी विचारलं नाही.

"मामा," ती म्हणाली, "सांगा ना. ठेवू की काढू?"

मी शाळामास्तर, मुलांच्या प्रश्नाला उत्तर द्यायची मला जन्मभराची सवय. उत्तर येत नसलं तर बघून सांगतो म्हणायचं, एवढं साधं. पण ठकूचे हात मांडीवर होते आणि डोळे माझ्यावर.

मी म्हटलं, "ठेव."

तिने ठेवलं. एक कर्नल बांधला की त्याच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात. डबे आता बाहेर पडले आहेत. कुठल्या खोल्यांत, कुणाकुणाच्या उशाशी, ते तिलाही माहीत नाही.

मी बरोबर सांगितलं की चूक, याचा विचार मी रोज दुपारी करतो.

तुमच्या घरी कुणी पडून असेल, उशाशी घंटा असेल आणि ती उगाच वाजली, तर बसल्या जागेवरून बंद करू नका. उठा. खाटेपाशी जा. आले हं म्हणा.

आणि पलीकडे खुर्ची असेल... तर तिच्यावर काही ठेवू नका.